गाण्याची चाल सुचते, पण पुढे सरकत नाही?
एक ओळ सुचली की लगेच दुसरी नवी शोधू नका. पहिल्याच तीन-चार स्वरांना धरून बसा. समजा, 'ग म प' सुचलं. लय तीच ठेवून ते एक स्वर वर न्या: 'म प ध'. मग मूळचे स्वर उलटे म्हणा: 'प म ग'. आता स्वर न बदलता 'प' लांबवा, किंवा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, सुरू होणारी ओळ एक मात्रा (ठोका) उशिरा उचला. माझ्या मते खरी रंगत या शेवटच्या बदलाने येते, आणि नेमका तोच करून बघायचा राहतो. पहिली ओळ 'रे' किंवा 'नी'वर थांबवली तर ती अधांतरी राहते. दुसरी 'सा'वर आणा. हे सगळं आधी गुणगुणत करा, कारण वाद्यावर बोटं सवयीच्याच जागी जातात. प्रत्येक प्रकार मोबाइलवर लगेच रेकॉर्ड करा.