सगळं प्रोटीन गाळात जात होतं तेव्हा

तीन आठवडे तेच. माझं मानवी डोमेन, म्हणजे प्रोटीनचा स्वतंत्रपणे घडी पडणारा तुकडा, ई. कोलाय जिवाणूत भरपूर बनायचं, पण पेशी फोडून सेंट्रिफ्यूज केलं की प्रोटीन वेगळी करून दाखवणाऱ्या जेलवर गाळाच्या लेनमध्ये जाडजूड पट्टा आणि वरच्या द्रवात नावालाही काही नाही. आधी दोष तापमानाला दिला. आमच्या शेकरला कूलिंग नाही आणि मुंबईच्या मे महिन्यात तो ३० अंशांखाली येतच नाही. शेजारच्या लॅबचा कूलिंगवाला शेकर मागून आणला, प्रोटीन बनवणं सुरू करणारं रसायन आयपीटीजी १ मिलिमोलरवरून ०.१ वर आणलं, रात्रभर १८ अंशांवर ठेवलं. वरच्या द्रवात पट्टा आला, पण केसाएवढा.

सीनियर ताई म्हणाली, "तापमान राहू दे, डोमेन कुठे कापलंयस ते दाखव."

प्रोटीनच्या आकाराचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्डचं मॉडेल उघडलं आणि कपाळाला हात लावला. शेवटचा बीटा स्ट्रँड, म्हणजे घडीतली एक सरळ पट्टी, मीच छाटला होता! डोमेनची सीमा जुन्या अलाइनमेंटवरून (मिळत्याजुळत्या प्रोटीनच्या क्रमांची तुलना) घेतली होती ना, आळस, दुसरं काय. शेवटी नऊ अमिनो आम्लं वाढवली, पुढे प्रोटीन विरघळायला मदत करणारा सुमो टॅग (छोटं जोड-प्रोटीन) जोडला, बाकी सगळं तेच ठेवलं. यावेळी निम्म्याहून जास्त प्रोटीन द्रवात.

मग एनएमआरसाठी एम९ या साध्या वाढ-माध्यमात नायट्रोजन-१५ वालं अमोनियम क्लोराइड घालून वाढवलं. एचएसक्यूसी या एनएमआर प्रयोगात ठिपके छान पांगलेले दिसले, म्हणजे घडी नीट पडली होती, आणि त्या दिवशी शेवटची लोकल चुकली.