आधी बाळाचं वय तासांत लिहा: सेप्सिस स्क्रीनची तयारी

नवजात बाळाच्या रक्तात संसर्ग पसरल्याचा (सेप्सिसचा) संशय आला की करायच्या रक्ततपासण्या म्हणजे सेप्सिस स्क्रीन. त्यासाठी सुई उघडण्याआधी घड्याळाकडे बघा आणि केसपेपरवर बाळाचं वय तासांत लिहा. त्याखाली संशय कशावरून आला तेही लिहा: श्वास मध्येच थांबतोय, पाय गार पडलेत, काल पचलेलं दूध आज पोटात तसंच राहतंय. ‘बाळ आज बरं दिसत नाही’ एवढंच नर्स म्हणत असेल तर तेच लिहा. रात्रभर बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरशेजारी उभी असलेल्या बाईची नजर रिपोर्टच्या आधी बोलते, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

तासांचा आग्रह उगाच नाही. प्रोकॅल्सिटोनिन हे संसर्गात रक्तात वाढणारं प्रथिन पहिल्या दोन दिवसांत निरोगी बाळातही आपसूक चढतं, म्हणून तासांनुसार मर्यादा देणारा तक्ता भिंतीवर लावलेला हवा. सीआरपी या तशाच दुसऱ्या प्रथिनाला चढायला संसर्गानंतर १०-१२ तास जातात. पहिला आकडा कमी आला म्हणून निर्धास्त होऊ नका. २४ तासांनंतरच्या दुसऱ्या नमुन्याची वेळ आत्ताच वहीत टाका. लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर देते की प्रति डेसिलिटर, हेही विचारून घ्या, नाहीतर दहापटीची चूक होते. इंटरल्यूकिन-६ हे तिसरं प्रथिन सर्वांत आधी वाढतं, पण लवकर उतरतंही; उशिरा घेतलेला नमुना फसवू शकतो. आणि जन्मताना गुदमरलेल्या बाळाचा सीआरपी संसर्ग नसतानाही वाढलेला असू शकतो, तेव्हा प्रसूतीची माहिती समोर ठेवा.

आता रक्त. किलोभर वजनाच्या बाळात सगळं मिळून जेमतेम ८५ ते १०० मिली रक्त असतं. त्यातलं निदान १ मिली कल्चरच्या (रक्तातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीच्या) बाटलीला लागतं, म्हणजे शंभरातला एक भाग तिथेच गेला. म्हणून लॅबला फोन करून बाकीच्या तपासण्यांना कमीत कमी किती चालेल ते विचारा, लहान ट्यूब मागवा, सगळं एकाच टोचणीत घ्या. कल्चरची बाटली आधी भरा. काढलेलं रक्त चार्टवर मांडा, कापसात मुरलेलंसुद्धा.

टोचायला दोघं हवेत, एकजण बाळाला गुंडाळून धरायला. इतक्या लहान बाळाची कातडी ओल्या कागदासारखी असते: जंतुनाशक मोजकंच लावा, पूर्ण वाळू द्या, नंतर निर्जंतुक पाण्याने टिपून घ्या, पाठीखाली ओघळून साचलं तर त्वचा भाजते. तोंडातून द्यायला हरकत नसेल तर आईच्या दुधाचे दोन थेंब जिभेवर ठेवा.

अँटिबायोटिक आधीच तयार ठेवा. बाळ खरंच आजारी दिसत असेल तर कल्चर घेतल्या घेतल्या पहिला डोस द्या, आकड्यांची वाट पाहू नका. त्याच ऑर्डरमध्ये ३६ ते ४८ तासांनी फेरविचाराची वेळ लिहा: कल्चर कोरं आणि बाळ ठीक असेल तर औषध थांबवायचंय.

ट्यूबवरची चिठ्ठी बाळाजवळच चिकटवा, काउंटरवर नेऊन नाही. जुळी असतील तर पहिलं की दुसरं ते लिहा, आणि नमुन्याची वेळ मिनिटासकट.