कारवानीचं पिल्लू घेताय? आधी या चुका टाळा

हरभरा घाट्यावर आला की पहाटे हरणांचे कळप रानात उतरतात आणि दरवर्षी कुणीतरी मला तोच प्रश्न विचारतं : "हरणामागं सोडायला कोणतं कुत्रं घ्यावं? कारवानी, मुधोळ की ग्रेहाउंड?" लातूर, चाकूर, उदगीर या पट्ट्यात कारवानी घरोघरी वाढलेली जात आहे. त्यामुळे प्रश्न पडणं साहजिक आहे. पण पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक या प्रश्नातच आहे.

आपल्याकडं ज्याला आपण हरीण म्हणतो ते बहुतेक वेळा काळवीट असतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत येतं. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि वर दंड. "आम्ही मारलं नाही, कुत्र्यानं धरलं" हे कुणी ऐकून घेत नाही, कारण कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत कुत्रं मागं सोडून जनावर पळवणंही येतं. सशाची शिकारही याच कायद्यानं गुन्हा आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या बांधालगत एक हरिणी पडलेली दिसली. अंगावर दाताचा एक ओरखडा नाही. तोंड उघडं, जीभ बाहेर, मागचे पाय लाकडासारखे ताठ. आदल्या संध्याकाळी कुणाच्या तरी कुत्र्यांनी तिला ओढ्यापर्यंत पळवलं होतं. जीव तोडून पळताना अंग तापतं, स्नायू आतून निकामी होतात आणि सुटलेलं जनावरही नंतर मरतं, हे मला त्या दिवशी पशुवैद्यांनी समजावून सांगितलं. तेव्हापासून आमचं कुत्रं मोकळ्या माळावर साखळीशिवाय नेत नाही.

पिकाचं नुकसान खरं आहे आणि ते सोसणं सोपं नाही. त्यासाठी फोटो काढून लगेच वन विभागाकडं अर्ज करा, पंचनामा करून घ्या. भरपाई मिळण्याचा रस्ता तोच आहे. रात्रीची राखण करायला भुंकणारं गावरान कुत्रं कारवानीपेक्षा कितीतरी सरस. कारवानी फार भुंकत नाही. ते बघतं आणि सरळ सुटतं.

परदेशातल्या शिकारीचे व्हिडिओ बघून जात ठरवणं ही दुसरी चूक. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काही राज्यांत ठरलेल्या हंगामात कुत्री सोडून हरणाची शिकार कायद्यानं चालते. तिथं बीगल, फॉक्सहाउंड वापरतात. ती वासावर चालणारी कुत्री, माग काढत ओरडत जातात. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या कायद्यानं अशा शिकारीवर बंदी आली. आपलं कारवानी नजरेवर धावणारं आहे. नाकानं काम करणारं कुत्रं हवं असेल तर ते निराश करील आणि दोष कुत्र्याचा नसेल.

मुधोळ आणि कारवानी यांवरून वाद घालण्यात वेळ घालवू नका. बागलकोटकडं मुधोळ म्हणतात, इकडं कारवानी. दोन्हींचं मूळ एकच मानणारे पुष्कळ आहेत. कान-शेपटीला लांब झालर असलेल्याला पश्मी म्हणतात. सावध राहायचं आहे ते ग्रेहाउंडच्या मिश्रणापासून. शर्यतीसाठी असे संकर केले जातात आणि "शुद्ध कारवानी" म्हणून विकले जातात. मांड्या फार भरलेल्या, अंग जड, आणि आई-बाप दाखवायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

आता पिल्लू निवडण्याचं. हे मी माळेगावच्या यात्रेत शिकलो. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या खंडोबाच्या या यात्रेत घोडे, गाढवं, उंट येतात, तशी कुत्रीही येतात. मी सगळ्यात उंच पिल्लाजवळ उकिडवा बसलो होतो. शेजारचे एक म्हातारे म्हणाले, "बापू, उंची काय बघतूस, पंजा बघ." त्यांनी पिल्लू मांडीवर उताणं घेतलं, अंगठ्यानं तळव्याची गादी दाबली, बोटं एकमेकांना चिकटलेली आहेत का ते पाहिलं, मग छातीखाली हात घालून खोली मोजली. पसरट पंजाचं पिल्लू त्यांनी खाली ठेवलं. जे त्यांच्या हातात धडपडलं, पण दोन मिनिटांत शांत होऊन त्यांच्याकडं बघू लागलं, ते मला दिलं. उंची काय, पूर्ण वाढलेला नर २७ ते २९ इंचांवर जातोच. ते तीन महिन्यांच्या पिल्लात शोधू नये.

आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू घेऊ नका, कितीही गोड दिसो. अशी पिल्लं पुढं बुजरी आणि चावरी होतात. पार्वो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या रोगांची लस दिली का, जंताचं औषध कधी दिलं, हे कार्डावर बघा. तोंडी उत्तर चालत नाही.

घरी आणल्यावर नेहमी येणाऱ्या अडचणी तीन-चारच आहेत.

"बरगड्या दिसतात, खातच नाही." कारवानीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कंबरेची हाडं दिसणारच. ते आजारपण नव्हे. भाकरी-दूध कमी पडतं म्हणून नुसता भात वाढवू नका, अंडी किंवा मांस द्या. जेवल्यावर दोन तास पळवू नका. छाती खोल असल्यानं पोट पिळलं जाण्याचा धोका असतो. पोट फुगलं, कुत्रं उलटी करायचा प्रयत्न करतंय पण काही पडत नाही, असं दिसलं तर क्षणभर न थांबता दवाखाना गाठा.

"पुढच्या पायानं लंगडतं." आधी विचारा, मोटारसायकलमागं पळवलं का? वर्षाच्या आतल्या पिल्लाची हाडं कच्ची असतात. महिनाभर विश्रांती द्या, तरीही लंगडत असेल तर एक्सरे काढा.

"पट्ट्यातून निसटतं." डोकं मानेपेक्षा अरुंद असतं, म्हणून साधा पट्टा सरकतोच. रुंद, ओढल्यावर आवळणारा पट्टा घ्या. आमचं कुत्रं एकदा असंच निसटलं आणि कठडा नसलेल्या विहिरीच्या काठावर येऊन थांबलं. त्या दिवशी माझ्या पायातलं बळ गेलं होतं.

"हाक मारली तरी येत नाही." धावायला लागलेल्या कारवानीला हाक ऐकूच येत नाही, असं समजा. हाकेवर येणं तीन महिन्यांपासून अंगणात, लांब दोरी बांधून, मटणाचा तुकडा हातात ठेवून शिकवा. शेळ्या-कोंबड्यांची ओळख याच वयात करून द्या. आल्यावर कधीही मारू नका, उशिरा आलं तरी.

शेवटची गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. नसबंदी किंवा कुठलंही ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा की हे कारवानी आहे. अंगावर चरबी कमी असल्यानं भुलीची काही औषधं या जातीच्या शरीरातून उशिरा उतरतात. वजन नेमकं करून घ्या आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तिथंच थांबा.