गिझरच्या जोडांना गंज लागू नये म्हणून

मराठवाड्यात उन्हाळा लागला की अनेक घरांत नळाऐवजी बोअरचे किंवा टँकरचे पाणी टाकीत चढते, आणि त्यात क्षार बहुधा जास्त असतात. क्षारयुक्त पाण्यातून वीज सहज वाहते. त्यामुळे गिझरच्या तोंडाशी तांबे किंवा पितळ थेट जीआय पाइपला (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपला) जोडलेले असेल, तर त्या जोडीतले जस्त आणि लोखंड झपाट्याने झिजते. पाणी ६० अंशांच्या आसपास तापले की जस्ताच्या थराचे संरक्षणही भरवशाचे राहत नाही. म्हणून गरम पाण्याच्या बाजूला जीआय वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टेफ्लॉन टेप गळती थांबवते, गंज नाही. निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला पाइपचा छोटा तुकडा) आवळताना आटे टेपला कापून एकमेकांना टेकतातच. खरा उपाय म्हणजे दोन धातूंचा स्पर्श तोडणे. नवे काम असेल तर पितळी आट्यांचे फिटिंग लावून पुढे सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचा) पाइप न्यावा. भिंतीत जुना जीआय पाइप असेल आणि तो बदलणे शक्य नसेल, तर आत प्लास्टिकची नळी व रबरी वॉशर असलेले विद्युतरोधक युनियन (नटाने उघडता येणारा पाइपचा जोड) मध्ये बसवावे. मात्र असा जोड धातूची सलगता तोडतो, तेव्हा गिझरचे अर्थिंग तीन पिनांच्या प्लगमधून नीट मिळते आहे याची खात्री इलेक्ट्रिशियनकडून आधी करून घ्यावी.

जोड उघडण्यापूर्वी एमसीबी बंद करावा, पाणी थंड होऊ द्यावे, अँगल कॉक (गिझरला येणारे पाणी बंद करणारा भिंतीवरचा नळ) बंद करून गिझरची टाकी रिकामी करावी. एका पान्याने निपल धरून दुसऱ्याने नट फिरवावा, नाहीतर सगळा ताण टाकीच्या वेल्डिंगवर येतो. आट्यांवरचा पांढरा थर व्हिनेगरने भिजवून जुन्या ब्रशने काढावा. पण हिरवट डाग, तांबूस पडलेले पितळ किंवा खाल्लेले आटे दिसले, तर तो तुकडा पुन्हा न वापरता बदलावा. टेप आट्यांच्या दिशेने, म्हणजे समोरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे गुंडाळावी.

गिझरच्या टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड स्वतः झिजून टाकीला वाचवतो, त्यामुळे बोअरच्या पाण्यावर तो दरवर्षी काढून पाहावा आणि आतली तार उघडी पडली असेल तर बदलावा. थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांवर ठेवल्यास क्षारही कमी साचतात. काम झाल्यावर टाकी पूर्ण भरून गरम नळातून सलग धार आल्याशिवाय वीज चालू करू नये, आणि दुसऱ्या दिवशी कोरडा कागद प्रत्येक जोडाभोवती फिरवून ओल लागते का ते पाहावे.