उडी मारून दाखवू नका: स्पर्धा सोडून कोचिंग आणि शोकडे वळणाऱ्या फिगर स्केटरसाठी

स्पर्धा सोडल्यावर फिगर स्केटरसमोर मुख्यतः दोन कामे उरतात, शिकवणे आणि शो करणे. बहुतेक जण दोन्ही एकदम सुरू करतात. शोचे काम हंगामी असते, शिकवण्यातून नियमित पैसे येतात, आणि प्रेक्षकांची सवय एका दिवसात सुटत नाही. सहा उड्या, एज (ब्लेडच्या आतल्या-बाहेरच्या कडा), गिरक्यांच्या पोझिशन हे सगळे तुमच्या अंगात मुरलेले आहे, त्यावर इथे शब्द खर्च करत नाही. अडचण येते ती नेमकी या मुरलेपणाची. पदकामुळे पहिल्या महिन्यात विद्यार्थ्यांची रांग लागते. सहाव्या महिन्यात त्यातली निम्मी मुले दुसऱ्या कोचकडे उभी दिसली तर पालकांना दोष देऊ नका. आधी स्वतःचा तास कसा जातो ते तपासा.

बहुतेकांचा घात होतो तो उडी मारून दाखवण्यात. मूल तीनदा पडते, तुम्ही म्हणता, ‘अशी नाही, माझ्याकडे बघ,’ आणि डबल ॲक्सेल, म्हणजे समोर तोंड करून सुटणारी अडीच फेऱ्यांची उडी, मारून दाखवता. मूल खूश, पालक खूश, तुम्हीही खूश. शिकवणे मात्र शून्य झालेले असते.

हे जरा लांबवून सांगतो, कारण इथे चुकण्याची किंमत मुलाच्या गुडघ्याने मोजावी लागते. उजव्या पायावर उतरणारा, म्हणजे डावीकडे फिरणारा स्केटर धरून चाला. ॲक्सेलचा टेकऑफ डाव्या पायाच्या फॉरवर्ड आउटसाइड एजवर, म्हणजे पुढे सरकताना बाहेरच्या कडेवर, होतो. डावा गुडघा खोल वाकतो, दोन्ही हात एकत्र मागे जातात, उजवा गुडघा आणि हात एकदम पुढे येतात, वजन ब्लेडवरून पुढे सरकत टो-पिकवर (ब्लेडच्या पुढच्या टोकाच्या दात्यांवर) चढते आणि मग बर्फ सुटतो. हवेत वजन डाव्या बाजूकडून उजव्या बाजूवर जाते. तुम्ही दाखवता तेव्हा मुलाला यातले काय दिसते? छातीशी झटकन ओढलेले हात. डोळा तिथेच जातो, कारण तेच सर्वात वेगाने हलते. पुढच्या प्रयत्नात मूल हात आधीच ओढते, खांदा बर्फावर असतानाच फिरतो, उजवा पाय पुढे न जाता बाजूने घुमतो आणि अक्ष तिरका होतो. तुमचे बघूनच ते बिघडले.

दुसरी गोष्ट, तुम्ही दाखवलेली उडी तुमची खरी उडी नसते. तासाच्या मध्येच, थंड अंगाने, कमी वेगात, अर्ध्या तयारीने मारलेली असते. एन्ट्रीतली, म्हणजे उडीकडे येण्यातली, उणीव तुमच्या मांडीची ताकद भरून काढते. मुलाकडे ती ताकद नाही, ते फक्त उणीव उचलते. शिवाय तुमच्या खास लकबीही त्यासोबत जातात. कुणी लुट्झआधी (मागे सरकत, टो-पिक टोचून मारायची उडी) मागे वळून बघतो, कुणी एक खांदा खाली टाकतो. तुमच्या बाबतीत त्या चालून गेल्या, त्या शरीराला चालतील याची खात्री नाही. आणि तुम्ही हवेत असता तेव्हा मुलाकडे कोणीच बघत नसते.

मग करायचे काय? रेघ वाचायला शिका. उडी संपली की मुलाला घेऊन टेकऑफच्या जागी जा आणि बर्फावरची शेवटची एक-दोन फूट रेघ बघा. ॲक्सेलमध्ये ती रेघ बाहेरच्या वळणावर स्वच्छ जाऊन थोडीशी खरवडून संपायला हवी. शेवटी हुकासारखी आत वळली असेल तर मूल बर्फावरच फिरले आहे. मग हवेतल्या पोझिशनबद्दल एक शब्दही बोलू नका, दोष तिथे नाही. लँडिंगची रेघही तशीच बोलते. पाय टेकल्या जागी छोटा हूक दिसला आणि मग मागे जाणारे वळण सुरू झाले, तर फिरणे अपुरे आहे. पाव फेरी कमी पडली तर निकालपत्रकावर ‘क्यू’ लागतो, त्याहून जास्त पण अर्ध्याहून कमी असेल तर एक कोन (<), अर्धी किंवा त्याहून जास्त असेल तर दोन कोन (<<) आणि उडीची किंमत एका फेरीने खाली.

लुट्झचे उदाहरण घ्या, कारण तिथे सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो. डाव्या पायाच्या बॅक आउटसाइड एजवर मूल कोपऱ्याकडे लांब घसरत येते आणि टोचण्याच्या क्षणी एज आत कलंडते. कोच कठड्याजवळून ओरडतो, ‘आउटसाइड! आउटसाइड!’ मुलालाही ते माहीत असते. कारण घोट्यात नसते. उजवा पाय मागे जाताना सरळ न जाता बाजूला फेकला जातो, कंबर त्याच्यामागे उघडते आणि वजन पावलाच्या आतल्या बाजूला पडते. म्हणून पाय डाव्या टाचेच्या मागे सरळ न्यायला लावा, टोचायची जागा रंगाने खूण करून दाखवा, आणि उडी न मारता फक्त टोचून थांबायला सांगा. ते जमेपर्यंत लुट्झ बंद. मुलांना हे आवडत नाही, पालकांना तर मुळीच नाही. पण चुकीच्या एजवरच्या उडीला ‘ई’ची खूण लागून गुण जातात, आणि वर्षभर पक्की झालेली ती सवय काढायला आणखी एक वर्ष जाते.

दाखवायचेच असेल तर तुकडा दाखवा. फक्त एन्ट्री, उडीशिवाय. फक्त बॅकस्पिन (मागच्या बाहेरच्या एजवरची गिरकी), कारण हवेतली पोझिशन तीच आहे. एका जागी सहा-आठ फेऱ्यांचा स्थिर बॅकस्पिन नसेल तर ॲक्सेलला हात घालू नका. एका प्रयत्नाला एकच सूचना द्या. तीन सूचना दिल्या की मूल शेवटची ऐकते आणि पहिली विसरते.

शॉर्टकटबद्दल माझी मते ठाम आहेत. काठीला बांधलेला हार्नेस, म्हणजे मुलाला दोरीने पेलणारा पट्टा, भीती घालवायला उत्तम, तंत्र शिकवायला वाईट. कोचने नकळत दिलेली ओढ चुकीचा टेकऑफ झाकून टाकते, आणि दोरी सुटल्यावर मूल पहिल्या दिवसापेक्षा जास्त घाबरते. स्लो मोशन व्हिडिओ जरूर घ्या, पण मुलाने आधी स्वतः काय जाणवले ते सांगायचे आणि मगच स्क्रीन बघायची. उलटे केले तर त्याला स्वतःचे अंग कळेनासे होते.

तुम्हाला जमणार नाही असे वाटत असेल तर जरा धीर धरा. तुमच्यापाशी एक गोष्ट आहे जी दुसऱ्या कोणाकडे नाही: संगीत सुरू व्हायच्या आधीचे ते काही सेकंद तुम्ही जगला आहात. स्पर्धेच्या दिवशी कठड्यापाशी मुलाला एक वाक्य सांगायचे की गप्प राहायचे, हे तुम्हाला आतून कळते. बाकीचे शिकता येते.

ते शिकायला मात्र एखाद्या मोठ्या विजेत्याच्या सावलीत जाऊ नका. जो स्वतः उड्यांसाठी झगडला आणि ज्याने अडखळणाऱ्या मुलांना वर आणले, अशा कोचकडे वर्षभर मदतनीस म्हणून उभे राहा. फ्रँक कॅरोल यांच्याकडे स्वतःचे ऑलिंपिक पदक नव्हते, ते आइस फॉलीज या बर्फावरच्या शोमध्ये काम करत होते; त्यांचा शिष्य इव्हान लायसाचेक २०१० मध्ये ऑलिंपिक विजेता झाला. ब्रायन ऑर्सर १९८७ चे विश्वविजेते, पण ऑलिंपिकमध्ये १९८४ आणि १९८८ ला दोन्हीदा रौप्य. नंतर ते व्यावसायिक स्केटर म्हणून शो करत राहिले, आणि पुढे त्यांच्या हाताखाली यूना किमने २०१० मध्ये, युझुरू हान्यूने २०१४ आणि २०१८ मध्ये सुवर्ण जिंकले. ऑर्सर एकटे काम करत नाहीत, हेही लक्षात घ्या. टोरोंटोच्या त्यांच्या क्लबात ट्रेसी विल्सन सोबत असतात, ज्यांनी आइस डान्समध्ये १९८८ चे ऑलिंपिक कांस्य मिळवले होते. ‘सगळे मीच शिकवीन’ हा हट्ट विजेत्यांमध्ये फार असतो, तो सोडा.

सुरुवातीच्या गटाचे तासही घ्या. पडून उठणे, दोन पायांवर घसरणे, स्नोप्लाउ थांबा (ब्लेड तिरकी करून बर्फ खरवडत थांबणे). तुम्ही हे इतक्या लहानपणी शिकलात की कसे शिकलात ते आठवतच नाही, आणि म्हणूनच ते शब्दांत मांडण्याचा सराव तुम्हाला सर्वात जास्त लागतो. गुणपद्धतही नव्याने वाचा. २०१८ पासून प्रत्येक घटकाचा दर्जा उणे पाच ते अधिक पाच असा मोजला जातो, २०२२-२३ च्या हंगामापासून प्रोग्रॅम कंपोनंट (सादरीकरणाच्या गुणांचे निकष) पाचांवरून तीनवर आले. तुमच्या काळातला मांडणीचा हिशेब आज मुलाला तोट्यात घालू शकतो. तुमच्या संघटनेला बालसुरक्षेचे प्रशिक्षण आणि विमा लागत असेल तर ते पदकामुळे माफ होत नाही.

आता शो. स्कॉट हॅमिल्टनने १९८४ चे सुवर्ण जिंकल्यावर १९८६ मध्ये स्टार्स ऑन आइस हा फिरता शो उभा केला. हान्यूने २०२२ मध्ये स्पर्धा सोडून एकट्याने पूर्ण लांबीचे शो सुरू केले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यातला एक टोकियो डोममध्ये सादर केला. ही उदाहरणे बघून कोणी हुरळू नये. नव्याने येणाऱ्याला आधी समूहात उभे राहावे लागते, आणि विजेते तिथेच कच्चे पडतात. ओळीत, ठरल्या मोजणीवर, शेजाऱ्याच्या वेगाने सरकणे त्यांनी कधी केलेले नसते.

बर्फ वेगळा असतो. स्पर्धेचा रिंक ६० बाय ३० मीटर, नाट्यगृहातला बर्फ त्याच्या एखाद्या कोपऱ्याएवढा. वेग घ्यायला जागा नाही, त्यामुळे क्रॉसओव्हर (पायावर पाय टाकत वेग घेणे) दोन-तीन आणि लगेच उडी. लुट्झची लांब एन्ट्री इथे चालत नाही. टो लूप आणि सालकाव या उड्या चालतात. दिव्यांच्या उष्णतेने वरचा थर मऊ होतो, टो-पिक खोल रुतते. स्पॉटलाइटमध्ये कठडा दिसत नाही, उतरताना बर्फ किती खाली आहे याचा अंदाज जातो. म्हणून तालमीत रिंकचे दिवे घालवून निदान चार-पाचदा पूर्ण नंबर करा आणि अंधारातही दिसणारी एक खूण, उदाहरणार्थ बाहेर जाण्याच्या दाराचा दिवा, धरून ठेवा. दिवसाला दोन खेळ असतील तर जी उडी दमल्यावरही दहातून नऊदा उतरते तीच ठेवा. बॅकफ्लिपला, म्हणजे हवेतल्या उलट्या कोलांटीला, टाळ्या पडतात, आणि २०२४ मध्ये स्पर्धेतली त्यावरची बंदीही उठली, पण गादी आणि जिम्नॅस्टिक्सचा कोच नसताना ती शिकणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

करार सही करण्याआधी इतके विचारा: दुखापत झाल्यास पगार किती दिवस, दौऱ्यावर फिजिओ आहे का, सरावाचा बर्फ रोज किती मिनिटे, चित्रीकरणाचे हक्क कोणाकडे. स्पर्धेत परतायचा विचार मनात असेल तर आधी संघटनेची लेखी परवानगी घ्या.

दौरा आणि विद्यार्थी यांचे भांडण अटळ आहे. तुमच्या गैरहजेरीत शिकवणारा कोच तुमचेच शब्द वापरणारा हवा. तुम्ही ‘दाब’ म्हणता आणि तो ‘वाक’ म्हणतो, तर मूल दोघांच्या मधोमध अडकते. दौऱ्याच्या काळात तंत्रात बदल नको, आणि स्पर्धेआधीच्या तीन आठवड्यांत तर अजिबात नको. आठवड्याला एक व्हिडिओ मागवा आणि उत्तरात एकच सूचना पाठवा.

शिकवायचे बूट आणि शोचे बूट वेगळे ठेवा. शिकवताना चार-चार तास जवळपास उभेच राहायचे असते, त्याला जुने, सैलावलेले बूट बरे. त्या गार अंगाने थेट शोच्या उड्यांकडे जाऊ नका. मध्ये बर्फाबाहेर पंधरा मिनिटे उड्या-पळण्याचा वॉर्मअप हवाच. शोच्या ब्लेडला साधारण वीस-तीस तासांच्या स्केटिंगनंतर धार लावावी लागते. दौऱ्यात अनोळखी माणसाकडे देण्याऐवजी निघण्यापूर्वी तुमच्या नेहमीच्या माणसाकडून लावून घ्या, ब्लेडखालच्या खाचेची त्रिज्या कागदावर लिहून बुटांसोबत ठेवा, आणि पहिल्या खेळाआधी त्या धारेवर निदान दोन सराव झालेले असू द्या.