गरम मेण, अंध हात: मेणबत्तीचं काम कसं शिकवायचं

महाबळेश्वरच्या बाजारात भावेश भाटिया हातगाडीवर मेणबत्त्या विकायचे. स्वतः अंध. मुंबईला ‘नॅब’मध्ये, म्हणजे अंधांसाठी काम करणाऱ्या ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ या संस्थेत हे काम शिकले, १९९४मध्ये ‘सनराइज कँडल्स’ सुरू केलं आणि कितीतरी अंध माणसांच्या हाताला काम दिलं. त्यांच्याबद्दल ऐकूनच मी वाईत छोटा कारखाना टाकला. आम्ही पाच जणी, पाचही अंध. उकळतं मेण तुम्ही हाताळता कसं, असं लोक काळजीनं विचारतात. ज्यांच्या घरात अंध मुलगा-मुलगी आहे, त्यांच्यासाठी सांगते.

आधी जागा लावा. टेबलावर काठ असलेला मोठा ट्रे, त्यात डावीकडून कामाच्या क्रमानं तेल-कापूस, वातीचा दोरा, साचे, पळी. शेवटी पाण्याचा टब. रोज तिथंच. घरातलं डोळस माणूस मायेनं आवरायला जातं, कात्री वीतभर सरकते आणि आमची दहा मिनिटं चाचपडण्यात जातात. उचललं तिथंच ठेवायचं, हा नियम डोळसांनाही लावा. सुगंधाच्या बाटल्यांना रबरबँड: एक म्हणजे गुलाब, दोन म्हणजे मोगरा.

मेण थेट आचेवर कधीच ठेवू नका. पाण्याच्या पातेल्यात मेणाचा डबा ठेवा, तोही अर्धाच भरलेला. पॅराफिन साठ अंशांच्या आसपास वितळतं. लाकडी डाव फिरवताना खडा लागेनासा झाला की समजा झालं. पातेल्यातलं पाणी आटू नये म्हणून फोनवर टायमर लावा. मेण पेटलंच तर पाणी ओतायचं नाही, झाकण टाकून आच बंद करायची. त्या झाकणाचीही जागा ठरलेली हवी.

साच्याला आतून तेलाचा हात फिरवा, दोरा खाचांतून ओढून घ्या आणि साचा मिटण्याआधी प्रत्येक दोरा बोटानं छेडून बघा. ताणलेला दोरा थरथरतो, सैल दोरा नुसता दबतो. आमचा एक अख्खा लॉट दुकानदारानं परत पाठवला होता, वात एका बाजूला गेली म्हणून. त्याचं बरोबर होतं. तेव्हापासून छेडल्याशिवाय आम्ही साचा मिटत नाही.

ओतताना पळीची चोच साच्याच्या काठावर टेकवा आणि कान द्या. नळाखाली कळशी भरत आली की आवाज बारीक होत जातो, तसंच इथं होतं. मग साचा पाण्यात, पण तोंड पाण्याच्या वर. गार होताना मध्ये खळगा पडतो; वरचं मेण घट्ट झाल्यावर बोटानं तो शोधा आणि पुन्हा थोडं ओता.

शिकवताना शिकणारीचं मनगट धरून ओढू नका. तुमचा हात खाली, तिचा वर. म्हणजे नको वाटलं तर तिला हात काढून घेता येतो. आमच्याकडची सगळ्यांत लहान मुलगी आली तेव्हा तिची नखं माझ्या हातात रुतली होती. आठ दिवस तिला मी फक्त गार पाणी ओतायला दिलं. नवव्या दिवशी तीच म्हणाली, “ताई, आता मेण द्या.”

विकण्याजोगी पहिली मेणबत्ती निघाली, त्या दिवसापासून नगावर पैसे द्या. शिकतेय अजून, म्हणून फुकट राबवून घेऊ नका. खरेदीला आलेले ‘मदत म्हणून घेतो’ म्हणाले, तर त्यांच्या हातात आधी मेणबत्ती द्या, मग किंमत सांगा. मदत म्हणून घेणारा एकदाच येतो, आणि आम्हाला तर दर दिवाळीला माल विकायचा असतो.

पगार तिच्याच खात्यात जमा करा. रोख दिला तर नोटा तिलाच ओळखू द्या. रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ नावाचं अॅप २०२०पासून आहे, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किती रुपयांची ते बोलून सांगतं. आमच्या त्या मुलीनं पहिल्या पगाराची एकेक नोट तीन-तीनदा ऐकली, मग घडी घालून ओढणीच्या टोकाला गाठ मारली.