एका टेबलाभोवती तीन ग्रंथ: मुस्लीम, ख्रिस्ती आणि ज्यू समाजांची बैठक कशी सुरू करावी

मुस्लीम, ख्रिस्ती आणि ज्यू समाजांच्या सलोख्यासाठी होणाऱ्या बऱ्याचशा कार्यक्रमांत तीन धर्मगुरू मंचावर बसतात, आपापला धर्म शांतताप्रिय कसा आहे हे सांगतात, टाळ्या पडतात आणि श्रोते शेजारच्या खुर्चीवरील माणसाचे नावही न विचारता घरी जातात. यात वाईट काही नाही. फक्त कोणाची कोणाशी ओळख होत नाही. ओळख व्हावी असे वाटत असेल, तर मंच काढावा, माणसे कमी बोलवावीत आणि मतभेदाला मोकळी जागा ठेवावी.

आधी तिघे जमवा

जाहीर निमंत्रणाने सुरुवात करू नये. तिन्ही समाजांतील एकेक विश्वासाची व्यक्ती शोधावी आणि तारीख, जागा, विषय हे सारे त्या तिघांनी मिळून ठरवावे. एकाच समाजाने सर्व काही ठरवून इतरांना ‘या’ म्हटले, की ते पाहुणे होतात, आणि पाहुणा सहसा मनातले बोलत नाही.

बैठकीत बारा ते पंधरा माणसे पुरेत, आणि तिन्ही बाजूंची संख्या शक्यतो सारखी असावी. जगात ख्रिस्ती सुमारे २३० कोटी, मुस्लीम सुमारे २०० कोटी आणि ज्यू मात्र दीड कोटीच्या आसपास आहेत. त्यामुळे अनेक ठिकाणी एखाद-दुसराच ज्यू सदस्य मिळतो आणि साऱ्या समाजाच्या वतीने उत्तरे देण्याचे ओझे त्याच्या एकट्याच्या डोक्यावर येते. अशा वेळी त्याच्याभोवती वीस जणांचे कडे उभे करण्यापेक्षा बैठकच सहा जणांची करावी. शिवाय सुन्नी आणि शिया, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, परंपरानिष्ठ आणि सुधारणावादी ज्यू यांच्यातील अंतरे काही कमी नाहीत. म्हणून ‘आमच्या धर्मात असे आहे’ याऐवजी ‘मी असे मानतो’ किंवा ‘आमच्या घरी असे करतात’ असे बोलण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

दिवस, जागा आणि खाणे

शुक्रवारी दुपारी जुम्याची नमाज असते, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत ज्यूंचा शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस असतो आणि रविवारी सकाळी चर्चची उपासना असते. तेव्हा रविवारची दुपार किंवा सोमवार ते बुधवारमधील एखादी संध्याकाळ निवडावी, आणि संध्याकाळ निवडल्यास मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजेसाठी मध्यंतर ठेवावे. वर्षाचे वेळापत्रक आखताना तिन्ही पंचांगे समोर असावीत. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवस आधी येतो. ज्यू पंचांगात १९ वर्षांत ७ अधिक महिने धरतात, म्हणून त्यांचे सण ऋतू सोडत नाहीत. आणि पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्चचा ईस्टर बहुतेक वेळा इतर ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरनंतर येतो. गेल्या वर्षीची तारीख डोळे झाकून पुन्हा धरणारा संयोजक कधी ना कधी कोणाच्या तरी उपवासाच्या दिवशी चहापान ठेवतो.

पहिली बैठक कोणाच्याही प्रार्थनास्थळी घेऊ नये. काही परंपरानिष्ठ ज्यू चर्चमध्ये पाऊल ठेवत नाहीत, तेव्हा वाचनालयाची किंवा शाळेची खोली बरी. एकमेकांच्या मशिदीला, चर्चला आणि सिनेगॉगला भेट देण्याची वेळ पुढे येईलच. त्या वेळी पादत्राणे आणि डोके झाकणे याबद्दलच्या सूचना आधीच कळवाव्यात, म्हणजे दारात कोणी ओशाळणार नाही. हस्तांदोलनाचेही तसेच आहे: परक्या स्त्री-पुरुषांनी हात मिळवणे काही मुस्लीम आणि काही ज्यू टाळतात, म्हणून समोरच्याचा हात पुढे येण्याची वाट पाहावी.

खाण्यात चूक होते ती बहुधा चांगल्या हेतूने. ‘सगळे शाकाहारी आहे’ म्हटले की प्रश्न मिटला असे यजमानाला वाटते. पण कोशर, म्हणजे ज्यूंचे आहाराचे नियम, काटेकोर पाळणाऱ्याकडे मांसाची आणि दुधाची भांडीसुद्धा वेगळी असतात, त्यामुळे अनोळखी स्वयंपाकघरातील भाजीही त्याला चालत नाही. मिठाईतील जिलेटिन आणि केकमधील मद्य अनेक मुस्लिमांना वर्ज्य असते. न कापलेली फळे, कोशर आणि हलाल अशा दोन्ही खुणा असलेले सीलबंद पदार्थ आणि कागदी ताटल्या एवढ्याने काम भागते. निमंत्रणातच ‘काय चालत नाही?’ असे विचारून ठेवावे.

बोलण्याचे नियम

नियम थोडे असावेत आणि सुरुवातीलाच मोठ्याने वाचावेत. स्वीडनचे ल्युथरन बिशप क्रिस्टर स्टेंडाल यांनी १९८५ मध्ये सांगितलेली तीन सूत्रे इथे उपयोगी पडतात: दुसऱ्या धर्माविषयी त्याच्या विरोधकांना नव्हे तर त्याच्या अनुयायांना विचारावे, आपले सर्वोत्तम आणि त्यांचे सर्वांत वाईट यांची तुलना करू नये, आणि त्यांच्याकडील एखाद्या गोष्टीचा पवित्र हेवा वाटायला मनात जागा ठेवावी. यांत आणखी दोनांची भर घालावी. इथे कोणी कोणाचे धर्मांतर करू पाहणार नाही, आणि परवानगीवाचून छायाचित्र घेतले जाणार नाही.

एकत्र प्रार्थना करावी का, हा प्रश्न लवकरच निघतो. घाई करू नये. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांच्या निमंत्रणावरून इटलीतील असिसी येथे अनेक धर्मांचे प्रतिनिधी जमले, तेव्हा भूमिका अशी होती की आपण प्रार्थनेसाठी एकत्र आलो आहोत, एकच प्रार्थना म्हणण्यासाठी नव्हे. एकाने प्रार्थना करावी आणि इतरांनी शांतपणे उपस्थित राहावे, एवढे पुरते.

मुख्य काम: एक गोष्ट, तीन वाचने

‘शांतता’ किंवा ‘प्रेम’ असा विषय ठेवला की भाषणे होतात. एक पान समोर ठेवले की बोलणे होते. पीटर ऑक्स, डेव्हिड फोर्ड आणि डॅनियल हार्डी या ज्यू आणि ख्रिस्ती अभ्यासकांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास ग्रंथ एकत्र वाचण्याची एक पद्धत सुरू केली आणि मुस्लीम अभ्यासकही तीत सामील झाले. रीत साधी आहे: ज्याचा ग्रंथ त्याने उतारा वाचावा, पाच मिनिटांत संदर्भ सांगावा आणि मग इतरांनी प्रश्न विचारावेत.

पहिल्या बैठकीसाठी माझी निवड योसेफची, म्हणजेच यूसुफची. ज्यू आणि ख्रिस्ती दोघांच्याही ग्रंथातील ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या ३७ व्या अध्यायात भाऊ त्याचा झगा बोकडाच्या रक्तात बुडवून आणतात, तेव्हा त्यांचा बाप याकोब तो ओळखतो आणि मुलाला हिंस्र पशूने खाल्ले असे मानून शोक करतो. कुराणच्या १२ व्या सूरहमध्येही (अध्यायातही) खोटे रक्त लावलेला सदरा येतो, पण तिथे याकूब भावांवर विश्वास ठेवत नाही. ही तुमच्याच मनाने रचलेली गोष्ट आहे, असे तो म्हणतो. दोन्ही बाप शेजारी ठेवून ‘तुम्हाला कोणता जवळचा वाटतो?’ असे विचारावे. मग एखादा ज्यू सदस्य सांगू शकेल की याकोबाने सांत्वन नाकारले यावर त्यांच्या जुन्या भाष्यकारांनी बोट ठेवले आहे: मेला असे समजलेला माणूस खरोखर जिवंत असेल, तर त्याच्याबद्दल मनाचे समाधान होत नाही. म्हणजे उत्पत्तीतल्या याकोबालाही आत कुठेतरी ठाऊक होते की काय? पुढे योसेफ इजिप्तमध्ये पोटीफर या अधिकाऱ्याच्या घरी गुलाम असताना त्याची बायको योसेफवर आळ घेते; बायबलमध्ये मागे राहिलेले वस्त्र योसेफविरुद्ध पुरावा ठरते, तर कुराणात मागून फाटलेला सदरा त्याला निर्दोष ठरवतो. ख्रिस्ती वाचकाला चांदीच्या वीस नाण्यांना विकल्या गेलेल्या योसेफमध्ये तीस नाण्यांना धरून दिलेला येशू दिसतो. तासभर सहज जातो, आणि तोही कोणाला ‘सगळे धर्म सारखेच’ असे न म्हणता.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. ज्यू ग्रंथाला ‘जुना करार’ म्हणू नये, कारण तो ज्याचा त्याला जुना नाही; ‘तनाख’ म्हणावे. आणि उताऱ्यांची पाने जमिनीवर पडू देऊ नयेत किंवा शेवटी कचऱ्यात टाकू नयेत. ज्यू परंपरेत देवाचे नाव असलेली जीर्ण पाने पुरतात, आणि मुस्लिमांनाही ती पायदळी आलेली खपत नाहीत. बैठक संपताच एकाने ती गोळा करून ठेवावीत.

अवघड विषय

इस्रायल आणि पॅलेस्टाइन हा विषय येणारच. त्यावर कायमची बंदी घातली की तो प्रत्येकाच्या पोटात राहतो, आणि पहिल्याच दिवशी तो काढला की दुसरा दिवस उजाडत नाही. चार-पाच बैठकांनंतर, आधी कळवून, त्यासाठी वेगळी वेळ ठेवावी. कोणत्याही सरकारच्या किंवा संघटनेच्या कृत्याचा जाब खोलीतल्या माणसाला विचारू नये. प्रत्येकाने आपल्या घरापर्यंत काय पोहोचले तेवढेच सांगावे. संयोजकाला कोणाला थांबवावे लागले, तर त्याने ते उघडपणे थांबवावे, विनोदावर नेऊ नये.

अशा कामाला वेळ लागतो. नाझी छळछावण्यांच्या काळात पत्नी आणि मुलगी गमावलेले फ्रेंच ज्यू इतिहासकार ज्यूल इझाक १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधील झेलिसबर्गच्या ज्यू-ख्रिस्ती परिषदेत होते. चर्चने ज्यूंविषयी काय शिकवावे याचे दहा मुद्दे तिथे मांडले गेले. पोपची भेट त्यांना १९६० मध्ये मिळाली, आणि ज्यूंविषयीची भूमिका बदलणारे कॅथलिक चर्चचे घोषणापत्र २८ ऑक्टोबर १९६५ रोजी निघाले. ते पाहायला इझाक हयात नव्हते.

म्हणून उठण्यापूर्वी पुढची तारीख ठरवावी आणि उतारे कोण आणणार हेही ठरवावे. यूसुफच्या गोष्टीतच पुढे जायचे असेल, तर तो भावांना आपली ओळख सांगतो तो प्रसंग दोन्ही ग्रंथांत आहे: उत्पत्ती, अध्याय ४५, आणि सूरह १२, आयत ८९ पासून पुढे. सदरा तिथे पुन्हा येतो, पण फक्त कुराणात.